पाळण्यांतील प्रवासी आणि त्याची तसबीर

मनुष्याची ओळख त्याच्या तोंडावरून पटते, ही समजूत इतकी जुनी व इतकी सार्वत्रिक आहे कीं, प्रवासाच्या परवान्यावर प्रवाशाची तसबीर असावी यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु हाच नियम जेव्हां दोन महिन्यांच्या बालकास लागू होतो, तेव्हां विचार करणारा मनुष्य क्षणभर थांबतो. ज्यास अजून मान सांवरतां येत नाहीं, ज्याची नजर ठरत नाहीं, ज्याच्या चेहऱ्याविषयीं घरांतील वडील मंडळींतच 'बापावर गेला' कीं 'आजोळावर गेला' असा वाद चालू असतो, त्याचें एक स्वच्छ, निःसंदिग्ध, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील, सावली नसलेलें चित्र आज जवळजवळ प्रत्येक सरकार मागतें. तें मिळवितांना घरोघर जी त्रेधा उडते तिचा अनुभव आतां आपल्या समाजास नवा राहिलेला नाहीं. मुलगा किंवा मुलगी परदेशीं नाहीं असें सुशिक्षित घर विरळाच. तान्ह्या मुलाचें तोंड सरकारास केव्हांपासून व कां हवेंसें झालें, हें शोधून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रवासाचा परवाना ही कांहीं इंग्रजांनीं आणलेली वस्तु नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा एक अधिकारी आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा देतो, आणि मुद्रा जवळ असेल त्यासच जनपदांत येण्याची वा जनपदाबाहेर जाण्याची मुभा असते. खुद्द जनपदांतला मनुष्य मुद्रेवांचून सांपडला तर त्यास बारा पण दंड. पेशवाईंतील दस्तक तर आपल्या इतिहासाच्या वाचकांस सुपरिचितच आहे. बरोबर माणसें किती, घोडीं-बैल किती, माल कोणता, हें लिहून वाटेवरील चौकीदारांस मार्गांत अडथळा न करण्याविषयीं त्यांत बजावलेलें असे. या दोन्ही व्यवस्थांत पाहावयाचें तें एवढेंच कीं, परवाना देणाऱ्याची मुद्रा खरी आहे कीं खोटी. परवाना बाळगणाऱ्याच्या चेहऱ्यास तेथें महत्त्व नव्हतें. मग कडेवरच्या मुलाच्या चेहऱ्याची कथा काय!

इंग्रजी अमदानींतही पुष्कळ काळ हीच स्थिति होती. १८८३ च्या एप्रिलांत पंडिता रमाबाई मुंबईहून विलायतेस निघाल्या, तेव्हां बरोबर असलेली त्यांची कन्या मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. रमाबाईंच्या या प्रवासावरून व पुढें त्याच वर्षीं झालेल्या धर्मांतरावरून महाराष्ट्रांत केवढें वादळ उठलें हें सर्वश्रुत आहे. पण या मुलीची तसबीर कोठें आहे असें विचारण्याचा अधिकार देणारा कायदाच तेव्हां नव्हता. हिंदुस्थानांतून बाहेर जाण्यास व आंत येण्यास पासपोर्ट आवश्यक झाला तो पहिल्या महायुद्धांत, डिफेन्स ऑफ इंडिया ॲक्टाखालील नियमांनीं; युद्ध संपल्यावर १९२० सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. ऑस्ट्रियन ग्रंथकार स्टेफान झ्वाइग यानें आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेवलें आहे कीं, १९१४ पूर्वीं आपण हिंदुस्थान व अमेरिका पाहून आलों, पण पासपोर्ट जवळ बाळगणें तर राहोच, तो कसा असतो हेंही आपण पाहिलें नव्हतें. तरुण पिढीस तो हें सांगे तेव्हां ती थक्क होई. आजही होईल.

ज्या देशांत पासपोर्ट दिले जात, तेथेंही त्यांत चेहऱ्याचें चित्र नसून वर्णन असे. अमेरिकन पासपोर्टावर वय, उंची, कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, केंस, वर्ण आणि चेहरा असे रकाने छापलेले असत आणि कारकून ते भरीत. 'नाक मध्यम, तोंड मध्यम' हें वर्णन किती हजार लोकांस लागू पडेल, याचा विचार करण्याची कोणास गरज भासली नाहीं. वस्तुतः छायाचित्राची कला १८३९ पासून जगास ठाऊक होती. ती पासपोर्टापर्यंत पोंचण्यास पाऊणशें वर्षें लागलीं, आणि त्याआधीं ती दुसऱ्याच एका खात्यांत रुजूं झाली. तें खातें म्हणजे पोलिसांचें.

पॅरिसच्या पोलिस खात्यांतील आल्फोन्स बर्तियों यानें १८८० नंतरच्या दशकांत गुन्हेगारांच्या शरीराचीं मापें घेऊन व समोरून आणि बाजूनें अशीं दोन छायाचित्रें काढून त्यांची नोंद करण्याची पद्धति घालून दिली. या बर्तियोंनें केलेली एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. १७ ऑक्टोबर १८९३ रोजीं त्यानें आपल्या तेवीस महिन्यांच्या पुतण्याचें असेंच रीतसर गुन्हेगारी कार्ड तयार केलें, आणि अपराधाच्या जागीं लिहिलें कीं, या बालकानें खादाडपणा करून टोपलींतील सारे पेअर कुरतडले. पुतण्याचें नांव फ्रांस्वा. तें कार्ड आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्यें पाहावयास मिळतें. माझ्या मतें बर्तियोंला अभिप्रेत होता त्याहून या विनोदांत अधिक अर्थ आहे. त्याच्या शास्त्राचा सारा पायाच असा होता कीं, मनुष्याचीं हाडें सुमारें विसाव्या वर्षानंतर बदलत नाहींत. म्हणजे जी पद्धति वीस वर्षांखालील मनुष्यास लागू नाहीं असें तिचा जनकच सांगत होता, तींतच त्यानें एका दुधपित्या आरोपीस बसविलें. पुढें सरकारांनीं हेंच केलें. फरक इतकाच कीं, त्यांना हसूं आलें नाहीं.

१९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें. त्याच महिन्याच्या अखेरीस चार्ल्स इंग्लिस नांवाचा एक अमेरिकन प्रवासी इंग्लंडांत उतरला. त्याचा पासपोर्ट अस्सल होता. खोटा होता तो त्याचा धनी. हा मनुष्य म्हणजे जर्मन आरमाराच्या राखीव दलांतील कार्ल हान्स लोडी. खऱ्या इंग्लिसनें आपला पासपोर्ट बर्लिनमध्यें कामासाठीं कचेरींत दिला असतां तो तेथून गहाळ झाला, आणि लोडीच्या खिशांत जाऊन पोंचला. त्यावर चित्र नसल्यामुळें कोणासही तो चालला असता. लोडी पकडला गेला आणि ६ नोव्हेंबर १९१४ रोजीं लंडनच्या टॉवरमध्यें त्यास गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. एकट्या लोडीमुळें नियम बदलले असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्याच वर्षाच्या शेवटीं अमेरिकेनें पासपोर्टासाठीं छायाचित्र मागावयास सुरुवात केली आणि १९१५ च्या नव्या ब्रिटिश पासपोर्टावरही तें चिकटलेलें दिसूं लागलें. वर्णनाचे रकाने तसेच राहिले. १९१५ सालीं एका इंग्रज गृहस्थानें लंडन टाइम्सला पत्र लिहून गाऱ्हाणें मांडलें तें मोठें मासलेवाईक आहे: अर्जांत आपण आपला चेहरा 'बुद्धिमान' असा लिहिला असतां, कोण कुठल्या कारकुनानें तो खोडून परस्पर 'लंबगोल' करून टाकला!

आरंभींचीं हीं छायाचित्रें मोठीं गमतीचीं असत. घरीं असेल तें चित्र द्यावें, अशी मोकळीक होती. डोक्यावर टोपी, बागेंतली खुर्ची, मांडीवर व आसपास पोरें, असा सबंध कुटुंबाचा मेळावा एकाच चित्रांत पासपोर्टावर डकविलेला जुन्या दप्तरांत सांपडतो. युद्ध संपल्यावर ही कटकट जाईल अशी लोकांची आशा होती. १९२० च्या ऑक्टोबरांत राष्ट्रसंघानें पॅरिस येथें परिषद भरविली. तिनेंही पूर्वस्थिति यावी अशी इच्छा प्रदर्शित केली, आणि तोंवर काय करावें म्हणून पासपोर्टाचा एक नमुना ठरवून दिला: बत्तीस पानांचें पुस्तक, लांबी साडेपंधरा व रुंदी साडेदहा सेंटिमीटर. तात्पुरती म्हणून केलेली ती व्यवस्था आज शंभर वर्षें उलटून गेलीं तरी आपल्या खिशांत आहे. त्या नमुन्यांत धन्याचें वर्णन व चित्र, त्याच्या पत्नीचें वर्णन व चित्र, आणि मुलांची मात्र केवळ यादी असे: नांव, वय, मुलगा कीं मुलगी. मुलाचा चेहरा कोणास नको होता. बापाच्या पुस्तकांतील एक ओळ एवढेंच त्याचें स्थान.

पत्नीचें स्थानही फारसें वरचें होतें असें नाहीं. अमेरिकेंत पतिपत्नींच्या संयुक्त पासपोर्टावर पतीस एकट्यास प्रवास करतां येई, पत्नीस येत नसे. विवाहित स्त्रीस तिच्या स्वतःच्या माहेरच्या नांवानें पासपोर्ट मिळावा म्हणून लूसी स्टोन लीग या संस्थेच्या बायकांस सरकारशीं भांडावें लागलें, तेव्हां कोठें १९२५ सालीं डोरिस फ्लाइशमन हिला तो मिळाला. ही हकीगत एवढ्यासाठीं सांगितली कीं, पासपोर्टावर स्वतःचें तोंड असणें ही केवळ सरकारी जाच सोसण्याची गोष्ट नव्हे. तीत एक हक्कही आहे. ज्याचें चित्र त्याचा प्रवास. मुलांच्या बाबतींत हें तत्त्व फार उशिरां, आणि एका दुःखद कारणानें, लागू झालें.

तें कारण म्हणजे मुलांची पळवापळवी, आणि तीही पुष्कळदां परक्यांकडून नव्हे तर जन्मदात्यांकडूनच. घटस्फोट व परदेशगमन हीं दोन्ही वाढलीं तेव्हां आईबापांपैकीं एकानें मूल उचलून दुसऱ्या देशांत नेण्याचे प्रकार वाढले. १९८० सालीं हेग येथें याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. बापाच्या पासपोर्टांत मुलाचें नांव असलें कीं तो पासपोर्ट हीच मूल नेण्याची परवानगी होई. आणि नांवाच्या ओळीपुढें कोणतेंही मूल उभें करतां येई, कारण ओळीस तोंड नसतें. म्हणून 'एक मनुष्य, एक पासपोर्ट' हें तत्त्व पुढें आलें. ब्रिटननें ५ ऑक्टोबर १९९८ पासून आईबापांच्या पासपोर्टांत नवीं मुलें घालणें बंद केलें. युरोपीय संघांत २६ जून २०१२ पासून अशा जुन्या नोंदीही निरर्थक ठरल्या. आपल्याकडील जुन्या पासपोर्टांतही मुलांच्या नांवांचें पान असे, तें आतां गेलें. हा बदल न्याय्य होता याविषयीं मला तरी शंका नाहीं. मूल ही बापाची जिंदगी नव्हे, हें कायद्यानें या मार्गानें मान्य केलें. मात्र मान्य करतांना त्यानें मुलाकडे पुरावा मागितला तो मोठ्या माणसाचा.

याच सुमारास पुराव्याचें स्वरूपही पालटत होतें. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें यंत्रास वाचतां येतील अशा पासपोर्टांचे नियम १९८० सालीं प्रथम प्रसिद्ध केले. २००२ सालीं तिच्या तज्ज्ञांनीं बर्लिन येथें ठराव करून असें ठरविलें कीं, यंत्रानें मनुष्य ओळखावयाचा तो मुख्यतः चेहऱ्यावरून. तेव्हांपासून पासपोर्टावरील चित्र हें पाहण्याचें चित्र राहिलें नाहीं. तें मोजण्याचें चित्र झालें. दोन डोळ्यांमधील अंतर, नाकाची ठेवण, ओठांची कड हीं यंत्रास मोजावयाचीं असतात, आणि हसण्यानें तीं मापें चळतात. म्हणून हसूं नये. पूर्वींच्या कारकुनानें 'बुद्धिमान' खोडून 'लंबगोल' लिहिलें, त्याचाच हा पुढचा अवतार होय.

आतां या नियमांपुढें तान्हें मूल उभें करून पाहावें. उभें कसलें, तें बसतही नाहीं. माझ्या भाचीस दोन महिन्यांच्या मुलासह परदेशीं जावयाचें होतें, तेव्हां खुळखुळा वाजविण्याचें काम मजकडे असल्यामुळें सर्व प्रकार जवळून पाहण्याचा योग आला. पासपोर्ट सेवा केंद्रांत मोठ्या माणसांचें चित्र तेथेंच काढतात, पण चार वर्षांखालील मुलाचें पालकांनीं काढून न्यावयाचें असतें. मापें साडेचार सेंटिमीटर उंच, साडेतीन रुंद. परदेशच्या व्हिसास दोन इंचांचा चौकोन, म्हणजे चित्र वेगळें. पेठेंतील एका फोटोग्राफराच्या दुकानांत आम्ही चार माणसें व एक मूल असे दाखल झालों. मुलास पांढरें झबलें घातलेलें. तें मागच्या पांढऱ्या पडद्यांत मिसळून जातें म्हणून पहिल्यानें झबलें बदललें. मग फोटोग्राफराची दृष्टि गालावर गेली.

"आजी, ती तीट पुसावी लागेल. चेहऱ्यावर कसलीही खूण चालत नाहीं."

"अहो, पुसून कसें चालेल? चार परक्यांच्या नजरा पडायच्या त्या फोटोवर!"

तडजोडीनें तीट तळपायावर गेली. त्यानंतर मुलानें जांभई दिली, मग उचकी, मग लाळ. लाळ पुसावी तों तें रडलें. रडणें थांबलें तें झोपेनें. उठल्यावर एक चित्र बरें आलें, पण खालच्या कडेस आईच्या बांगड्या दिसत होत्या. दुसरें आलें तें एका कचेरीनें दहा दिवसांनीं परत पाठविलें. उजव्या कानामागें सावली होती. अखेर घरींच खिडकीजवळ आजोबांचें नवें धोतर अंथरून मुलास त्यावर निजविलें, आणि बाप स्टुलावर चढून वरून कॅमेरा रोखून उभा राहिला. छतावरच्या पंख्याकडे पाहत असलेलें तें चित्र मंजूर झालें. धोतराची युक्ति आम्हांस मोठी आपली वाटली होती. पुढें पाहतों तों अमेरिकन सरकार आपल्या सूचनांत पालकांस नेमकें हेंच सांगतें कीं, मुलास पांढऱ्या चादरीवर निजवावें. इतर कांहीं सवलतीही आहेत. ब्रिटनमध्यें वर्षाखालील मुलाचे डोळे उघडे नसले तरी चालतात, सहा वर्षांखालील मुलानें सरळ पाहिलेंच पाहिजे असें नाहीं. आणि मूल सांवरण्यासाठीं त्याच्या डोक्यामागें हात धरण्यास हरकत नाहीं, मात्र तो हात चित्रांत दिसतां कामा नये.

हा न दिसणारा हात फार जुना आहे. छायाचित्राच्या पहिल्या पिढ्यांत कांचेवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत आणि तेवढा वेळ मूल निश्चल राहणें अशक्य. त्यावर त्या काळच्या फोटोग्राफरांनीं तोडगा काढला तो असा: आईस खुर्चीवर बसवून तिच्यावर पडदा किंवा गालिचा टाकीत, जणूं ती खुर्चीच आहे, आणि तिच्या मांडीवर मूल ठेवीत. अशीं सुमारें एक हजार चित्रें लिंडा फ्रेग्नी नागलर या संग्राहिकेनें जमवून २०१३ सालीं व्हेनिस येथील प्रदर्शनांत मांडलीं. त्या चित्रांत बाळ नटून बसलेलें असतें आणि त्याच्यामागें गालिच्याचा एक ढीग. नीट पाहिलें कीं त्या ढिगास खांदे आहेत हें ध्यानांत येतें. तेथें कारण कांचेचें होतें, आज नियमाचें आहे. पण ज्या एका व्यक्तीवरून हें मूल कोणाचें तें खात्रीनें सांगतां येईल, तिलाच दोन्ही वेळां झांकून ठेवण्यांत आलें.

आणि एवढें करून जें चित्र मिळतें त्याचा उपयोग काय? आपल्याकडे अल्पवयी मुलाचा पासपोर्ट साधारणतः पांच वर्षें चालतो. ब्रिटन व अमेरिकेंतही मुदत तितकीच. म्हणजे चार वर्षांचा बोलका मुलगा विमानतळावर अधिकाऱ्यापुढें उभा राहतो, आणि अधिकारी पुस्तक उघडून पाहतो तों आंत जावळ असलेला एक गोळा. अधिकारी मग काय करतो? तो मुलाकडून नजर काढून आईकडे पाहतो, तिचे कागद तपासतो, आणि शिक्का मारतो. कोणी म्हणेल कीं, कांहींच नसण्यापेक्षां जुनें चित्र बरें. तें मान्य केलें तरी इतर खुणांच्या बाबतींत हींच सरकारें निराळा न्याय लावतात त्याचें काय? युरोपीय संघानें बारा वर्षांखालील मुलांस पासपोर्टासाठीं बोटांचे ठसे देण्यापासून मुक्त केलें आहे. आपल्या आधार योजनेंतही पांच वर्षांखालील मुलाचे ठसे व डोळ्यांच्या खुणा घेत नाहींत. त्याचें कार्ड आईबापांपैकीं एकाच्या आधाराशीं जोडतात, आणि पांचव्या व पंधराव्या वर्षीं मुलाच्या खुणा नव्यानें घेतात. गंमत अशी कीं, बोटांचे ठसे लहानपणापासून कायम राहतात; आग्र्याच्या दयालबाग येथें लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासांत, जो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, सहा महिन्यांच्या पुढील मुलें योग्य यंत्र असल्यास ठशांवरून ओळखतां येतात असें दिसून आलें. जें कायम टिकतें तें घेत नाहींत, आणि जें महिन्यागणिक बदलतें त्यासाठीं सावलीची मापें काढीत बसतात.

तान्ह्या मुलाच्या ठशांची पेटी सरकारनें भरून ठेवावी असें माझें म्हणणें नाहीं. तें तर अधिकच भयावह होईल. आधारांतील तत्त्व मात्र विचार करण्यासारखें आहे. मूल वर्षाचें होईपर्यंत त्याचें चित्र त्याला घेतलेल्या आईचें किंवा बापाचें असूं द्यावें, दोघांचे चेहरे एकत्र, आणि त्या पासपोर्टाची मुदत थोडकी ठेवावी. जर्मनींत मुलांसाठीं वेगळा पासपोर्ट असे. २०२१ पासून त्याची मुदत एक वर्षावर आणली होती. पण दरवर्षीं नवा काढण्यास लोक कंटाळले, आणि १ जानेवारी २०२४ पासून तो देणें बंद झालें. आतां तेथील बालकासही मोठ्यांसारखाच पासपोर्ट मिळतो, सहा वर्षांचा. अट एवढीच कीं, चित्रावरून मूल ओळखूं येईनासें झालें कीं मुदत शिल्लक असूनही तो रद्द समजावयाचा. त्यामुळें तेथील आईबापांस प्रवासाला निघण्यापूर्वीं पासपोर्ट व मूल शेजारीं ठेवून पाहावें लागतें, आणि दोघांत कांहीं साम्य उरलें आहे कीं नाहीं याचा निर्णय आपला आपणच करावा लागतो.